खपाआधीच होणारी कमाई

‘प्रिंट-ऑन-डिमांड, म्हणजे मागणी येईल तेवढ्याच प्रती छापणाऱ्या, कंपनीला पुस्तक विकले गेले तरच पैसे मिळतात, म्हणून तिचे आणि लेखकाचे हित एकच, शिवाय रॉयल्टी शंभर टक्के आणि पुस्तक जगभर उपलब्ध,’ असा मजकूर नवलेखकांमध्ये बराच फिरतो आहे.

आगाऊ रक्कम न घेता विकलेल्या प्रतीतून आपला वाटा कापून घेणाऱ्या ॲमेझॉन केडीपीसारख्या स्वयंप्रकाशन सेवेपुरते यातले पहिले विधान बऱ्याच अंशी खरे आहे. आगाऊ रक्कम घेऊन प्रकाशनाचे पॅकेज लेखकाला विकणाऱ्या कंपन्यांचे गणित निराळे असते. अमेरिकेतील ‘आययुनिव्हर्स’चे जे आकडे ‘पब्लिशर्स वीकली’ने २००५ मध्ये छापले, त्यांनुसार कंपनीची पुस्तके होती १८,१०८ आणि छापलेल्या प्रती ७,९२,८१४, म्हणजे पुस्तकामागे सरासरी ४४ सुद्धा नाहीत; निदान ५०० प्रती खपलेली पुस्तके अवघी ८३. एवढ्या खपावर कंपनीचे पोट भरत नाही, ते भरते लेखकाने सुरुवातीलाच मोजलेल्या रकमेवर. पुढे याच आययुनिव्हर्सची मालक असलेली ‘ऑथर सोल्यूशन्स’ पेंग्विनच्या मूळ कंपनीने २०१२ मध्ये ११.६ कोटी डॉलरना विकत घेतली, आणि २०१३ मध्ये ‘पार्ट्रिज’ या नावाने हाच व्यवसाय भारतात आला.

शंभर टक्के रॉयल्टी कशाची, हे विचारावे. समजा, पुस्तकाची किंमत ३०० रुपये, छपाई १३० आणि विक्रेत्याचे कमिशन १३५. तर ते शंभर टक्के उरलेल्या ३५ रुपयांचे असतात. छपाईच्या १३० रुपयांत कंपनीचा नफा आधीच धरलेला असू शकतो, आणि तो तपासण्याचे साधन लेखकाकडे सहसा नसते.

‘जगभर उपलब्ध’ म्हणजे ऑनलाइन यादीत नोंद. न खपलेल्या प्रती परत घेतल्या जात नसतील, तर दुकानदार त्या मांडणार नाही. वरच्या १८,१०८ पैकी बार्न्स अँड नोबल या अमेरिकी पुस्तक-साखळीच्या दुकानांतून देशभर विकली गेलेली पुस्तके १४ होती.

दरपत्रकात आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकासाठी, वेगळी रक्कम दिसली, तर थांबावे, कारण भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून लेखकालाही विनामूल्य मिळतो.

राहिला ‘लेखक सवलत दर’. त्याच पुस्तकाच्या प्रती लेखकाला १७० रुपयांनी दिल्या आणि प्रकाशन समारंभासाठी त्याने १०० घेतल्या, तर छपाईच्या दरावर कंपनीला ४,००० रुपये सुटतात, आणि त्या प्रती आप्तेष्टांना भेट गेल्या तरी तिच्या हिशेबात ती विक्रीच असते.