नदी आपोआप शुद्ध होते, मग सांडपाणी प्रक्रिया केंद्र कशाला?

सांडपाणी प्रक्रिया केंद्रे म्हणजे करदात्यांच्या पैशाचा अपव्यय, अशा आशयाचा मजकूर खानदेशातील व्हॉट्सअॅप गटांत पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातो. त्यात कारणे चार दिली जातात: वाहती नदी स्वतःच शुद्ध होते, गटाराचे पाणी शेताला खतासारखे असते, उरलीसुरली घाण पूर वाहून नेतो, आणि बांधलेली केंद्रे तरी कुठे चालतात.

पहिल्या कारणात तथ्य आहे, म्हणूनच ते नीट तपासावे लागते. पाण्यातील जिवाणू सेंद्रिय घाण खाऊन संपवतात हे खरे. मात्र त्यासाठी ते पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात, आणि मासेही त्याच ऑक्सिजनवर जगतात. माणशी रोज साधारण ४५ ग्रॅम ऑक्सिजन खर्ची पडेल एवढी घाण सांडपाण्यात जाते, तर ३० अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. म्हणजे एका माणसाची एका दिवसाची घाण ६,००० लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन फस्त करू शकते. २०११ च्या जनगणनेत धुळे शहराची लोकसंख्या सुमारे पावणेचार लाख होती. तेवढ्यांचाच हिशेब मांडला तरी शहरातून वाहणाऱ्या पांझरा नदीत ९०० क्युसेकच्या (सेकंदाला ९०० घनफूट) आसपास स्वच्छ पाणी अहोरात्र वाहते ठेवावे लागेल, आणि एवढे करूनही माशांच्या वाट्याला काही उरणार नाही. वाहत्या पाण्यात हवेतून नवा ऑक्सिजन मिसळत असतो, पण डबक्यांत साचून राहिलेल्या पाण्यात तो वेग फार मंदावतो. उन्हाळ्यात धरणातून सुटणाऱ्या पाण्याच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसणाऱ्या वाचकाला यापुढे काही सांगायला नको.

प्रक्रिया केंद्रही नदीचेच काम करते. जाळीवर चिंध्या आणि प्लास्टिक अडवून, वाळू तळाशी बसवून झाल्यावर ते तशाच जिवाणूंना टाकीत यंत्राने हवा पुरवते, त्यांचा गाळ खाली बसू देते आणि वरचे पाणी निर्जंतुक करून सोडते. नदीने जो ऑक्सिजन द्यायचा, तो येथे विजेच्या बिलातून येतो. कच्च्या सांडपाण्याची ऑक्सिजनची मागणी लिटरमागे २०० ते २५० मिलिग्रॅम असते. महानगरे व राजधान्या वगळता इतर शहरांसाठी २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेने ती ३० च्या आत आणण्याची मर्यादा घातली.

सांडपाण्यात नत्र आणि स्फुरद असते, हे शेतकऱ्याला वेगळे शिकवण्याची गरज नाही. पण कच्च्या सांडपाण्यात जंतांची अंडी आणि जुलाबाचे जंतूही असतात, आणि वांगे भाजले जात असले तरी भरितासोबतची कांद्याची पात आपण कच्चीच खातो. नेहमीच्या प्रक्रियेनंतरही नत्र-स्फुरदाचा बराचसा अंश पाण्यात राहतो, त्यामुळे शेताचे फारसे नुकसान होत नाही.

पुराबद्दल एवढेच विचारावे की घाण वाहून जाते ती कोठे? पांझरा मुडावदजवळ तापीला मिळते, आणि खाली सारंगखेडा व प्रकाशा येथे बंधारे आहेत; त्यांच्यापुढे उकाईचा जलाशय आहे. शिवाय पूर काही दिवसांचा असतो, गटारे मात्र बाराही महिने वाहतात.

चौथे कारण सर्वांत जड आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातील शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होत होते, उभारलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर होती आणि प्रत्यक्ष प्रक्रिया २०,२३६ दशलक्ष लिटरवरच होत होती. घरे भुयारी गटाराला जोडलेली नसतील, किंवा वीज वाचवण्यासाठी हवेची यंत्रे बंद ठेवली जात असतील, तर केंद्र नावापुरतेच उरते, आणि त्याबद्दल नागरिकांनी महापालिकेला धारेवर धरलेच पाहिजे. मात्र बंद पडलेले केंद्र चालू करण्याची मागणी वेगळी आणि केंद्रच नको म्हणणे वेगळे. खर्चाच्या बाबतीतही एक वाट उपलब्ध आहे: २०१६ च्या केंद्रीय वीजदर धोरणाने प्रक्रिया केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील औष्णिक वीज प्रकल्पांना प्रक्रिया केलेले पाणी वापरणे बंधनकारक केले आहे, म्हणजे या पाण्याला गिऱ्हाईक मिळू शकते; आणि भुसावळजवळचा दीपनगरचा औष्णिक वीज प्रकल्प जळगावपासून त्या अंतराच्या आतच आहे.