१६०० दिसलं म्हणून रॅम नकली ठरत नाही

‘दुकानदाराने गंडवलंय का, आत्ताच तपासा’ हा, आकडा निम्मा दिसला तर रॅम नकली म्हणणारा फॉरवर्ड घोडबंदरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, तेव्हा मी काणाडोळा केला. पण तोच कोपरखैरण्याला भाच्याकडे पोचला आणि पठ्ठ्या वाशीच्या दुकानदाराशी भांडायला निघाला. म्हणाला, “मामा, बॉक्सवर ३२०० लिहिलंय, सीपीयू-झेड या पीसीची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये १६०० दिसतंय. अर्धी रॅम खाल्ली त्याने!”

कोणी काही खाल्लेलं नाही. डीडीआर रॅम क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला दोनदा डेटा पाठवते, एकदा सिग्नल चढताना, एकदा उतरताना. १६०० मेगाहर्ट्‌झच्या क्लॉकवर सेकंदाला ३२०० दशलक्ष वेळा. सीपीयू-झेड क्लॉक दाखवतं, बॉक्सवर हा दुसरा आकडा असतो. मेमरीची मानकं ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेने २०१२ मध्ये काढलेल्या डीडीआर४ च्या, म्हणजे या रॅमच्या चौथ्या पिढीच्या, मानकातच हे आहे. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने ते उघडण्याचे कष्ट घेतले नाहीत, इतकंच. हां, १०६६ दिसलं तर शंका रास्त आहे. पण तेव्हाही दुकान गाठण्याआधी बायोसमध्ये, म्हणजे पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅम बॉक्सवरच्या वेगाने चालवणारं सेटिंग) चालू आहे का ते बघा.

खरा घात पुढच्या सल्ल्यात आहे: ‘८ जीबीच्या दोन स्टिक काढून १६ ची एकच लावा, डेटा विभागला जात नाही, स्पीड वाढतो.’ अरे, विभागला जावा म्हणूनच तर दोन लावतात! रॅम आणि प्रोसेसरमधली वाट म्हणजे चॅनल. एका चॅनलची रुंदी ६४ बिट, म्हणजे ८ बाइट. ३२०० गुणिले ८, सेकंदाला २५.६ जीबी. दोन स्टिक दोन चॅनलवर लावल्या की ५१.२. पोडियम पार्किंग तेवढंच ठेवून दोनपैकी एक गेट बंद करा आणि सकाळी नऊला घोडबंदर रोडवर गाडी काढून दाखवा. भाच्याच्या पीसीत वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स याच रॅमवर जगतं. एक स्टिक काढली की गेमचे फ्रेम पडणार, आणि शिव्या पुन्हा दुकानदारालाच.

‘सीएल २२ म्हणजे सीएल ११ च्या दुप्पट संथ’ हीही थाप. सीएल म्हणजे डेटा मागितल्यापासून तो मिळू लागेपर्यंतचे क्लॉकचे ठोके. डीडीआर३-१६०० चं सीएल ११ आणि डीडीआर४-३२०० चं सीएल २२, दोन्ही १३.७५ नॅनोसेकंदच. ठोके दुप्पट, पण प्रत्येक ठोका निम्म्या वेळाचा.

राहिलं ‘जीबी वाढवा, सगळं पळेल’. यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी कायम काठोकाठ भरलेली असेल, तर जरूर वाढवा. पण घेताना जोडी घ्या, आणि चार स्लॉट असतील तर कुठल्या दोनात लावायची ते मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये बघा. बहुतेक बोर्डांवर दुसरा आणि चौथा.