मिरजेत पट्टा सुटला त्या बॅगेबद्दल

नमस्कार ताई, तुमचा २ स्टारचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढताना मुलानं दाखवला, आणि पहिल्यांदा वाचून डोकं फिरलं ते कबूल करतो. रात्रीच उत्तर दिलं नाही ते बरं झालं. सकाळी चहा झाल्यावर तुमचे तिन्ही फोटो मोठे करून बघितले आणि आता लिहायलोय.

बाकीच्या वाचणाऱ्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. ताईंनी आमच्या वडगावच्या दुकानात दोन दिवसांचा प्रवासी बॅगेचा क्लास केला, फी १५००, बॅग स्वतः शिवून नेली. आषाढीला पंढरपूरला जाताना मिरजेत गाडी बदलायच्या गडबडीत पट्टा सुटला, बॅग जिन्यावर पडली, चेन टोकाला फाकली, आणि घरी येऊन धुतली तर अस्तराचा लाल रंग बाहेरच्या कॅनव्हासवर उतरला. वर त्यांचं म्हणणं असं की मास्तर नुसतं "चुकत चुकतच येतंय" म्हणतात, पण चुका होतात आमच्या पैशानं.

पट्टा ही आमची चूक. तुमची नाही. तुम्ही लिहिलंय शिलाई कच्ची होती, पण फोटो नीट बघा, टाका एकसुद्धा तुटलेला नाही, टीप जशीच्या तशी आहे आणि तिच्यातनं नवार, म्हणजे पट्ट्याची विणलेली पट्टी, सरकून बाहेर आलीय. टोकाला बघा कशी सुतं सुटलीत, मांजराच्या शेपटीसारखी. नायलॉनची नवार कापली की टोक मेणबत्तीवर भाजून घ्यायचं असतं, कडा वितळून घट्ट झाली की ती उसवत नाही. न भाजता अर्धा इंच शिवणीत घातली की थोड्या वजनाला टिकते आणि बॅग भरली की एकेक सूत निसटत जातं. ते तुमच्या बॅगेला भाजलेलं नाही, आणि का नाही हे मला पक्कं आठवतंय.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला करंट गेला. मोटरच्या मशिनी बंद, राहिलं एकच पायमशीन आणि तुम्ही सहा जणी रांगेत. आमच्यात निम्म्या बायका कन्नड बोलणाऱ्या असतात, मी सगळं दोनदा सांगतो, इकडं कात्री तिकडं कत्तरी, इकडं बॅग तिकडं चीला. त्या दिवशी मेणबत्तीचं मी खिडकीकडच्या बाकावर कन्नडात सांगितलं आणि तुमच्या बाकावर मराठीत सांगायचं राहून गेलं. मेणबत्ती तुमच्यासमोरच जळत होती की हो, उजेडासाठी! काल वाचल्यापासनं तेच डोक्यात फिरतंय.

आणखी एक. पट्टा नुसता वरच्या काठात अडकवायला नकोच होता. प्रवासाच्या बॅगेला नवार खाली तळाखालनं फिरवून दुसऱ्या बाजूनं वर आणायची, म्हणजे वजन तळावर बसतं, टाक्यावर नाही, आणि जिथं ती काठाला येते तिथं चौकोन आणि आत फुली अशी टीप मारायची. हे आम्ही मोठ्या बॅगेलाच शिकवत होतो, तुमची २० इंची, म्हणून सोडलं. आता छोट्या बॅगेलाही करून घेतोय. आणि कुणी घरी दुरुस्त करत असाल तर मजबूत व्हावं म्हणून बारीक टीप मारू नका, जाड कापडाला आणि रेक्झिनला तर नाहीच, सुईची भोकं जवळजवळ पडली की पोस्टाच्या तिकिटासारखं तिथनंच फाटतं. १८ नंबर सुई, पॉलिस्टर दोरा, टाका लांब ठेवायचा. ब्लाऊजचा कॉटन दोरा वापरू नका.

चेनचं मात्र निम्मं निम्मं. मीटरवर कापून मिळणाऱ्या चेनला टोकाला काहीच अडवणूक नसते, तिथं कापडाची पट्टी चढवून बंद करावं लागतं, ती तुम्ही चढवलीय पण टीप एकाच बाजूला, मी तपासताना बघायला पाहिजे होतं. पण मी ८ नंबर, म्हणजे जाड दातांची चेन घ्या म्हटलेलं आणि तुम्हाला तो सोनेरी रनर, चेन ओढायचा तुकडा, आवडला, तो बारीक ५ नंबरातच होता, आठवतंय का? आणि बॅगेवर गुडघा ठेवून चेन ओढली हे तुम्हीच लिहिलंय.

रंगाचं मी घेत नाही. अस्तर घरच्या जुन्या लाल साडीचं होतं, कापड भिजवून वाळवून आणा असं मेसेजमध्ये लिहिलेलं, मेसेज अजून आहे.

आता "चुकत चुकतच येतंय" याचं. माझी पँट-शर्टची शिलाई २० वर्षं, रेडिमेडमुळं काम कमी झालं म्हणून बॅगेकडं वळलो. पहिली बॅग चांगली बेतली, अस्तर, पायपिंग, चारी बाजू टीप मारून झाली आणि उलटायला गेलो तर चेन बंद! उलट्या बॅगेत रनर आतल्या अंगाला, हात जायला जागा नाही, अर्धा तास बाहेरनं चिमटीत धरून सरकवायला बघितलं, शेवटी एक बाजू पूर्ण उसवली. बायको अजून हसते. म्हणून क्लासमध्ये कुणाची चेन बंद दिसली तरी मी मुद्दाम टीप मारेपर्यंत बोलत नाही. पण ती चूक टेबलावर होते, स्टेशनच्या जिन्यावर नाही. हा फरक तुमचा बरोबर आहे.

फी परत देणार नाही, दोन दिवस आणि सामान दोन्ही गेलंय. पण बॅग घेऊन या, सोमवार सोडून कधीही, सकाळी ११ नंतर. नवी नवार तळाखालनं फिरवून, ८ नंबर चेन टाकून देतो, एक रुपया नको. स्वतः करायचं असेल तर मशीन रिकामं ठेवतो, शेजारी बसतो.

आणि तो सुटलेला पट्टा टाकून देऊ नका, येताना घेऊन या. पुढच्या बॅचला दोन्ही बाकांवर फिरवायचाय.