डोके शाबूत ठेवण्याची कला

सुज्ञ वाचकहो, जन्म कुठे आणि कधी घ्यावा हे आपल्या हातात असते, तर आपण सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातले लंडन निवडावे, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे. विवेक, सहिष्णुता, स्वातंत्र्य वगैरे ज्या गोष्टींच्या नावाने आजही व्याख्यानमाला भरतात, त्यांचा मोठा बाजार तिथे भरला होता; आणि बाजार म्हटला की कोणता माल उचलावा, कुठवर घासाघीस करावी आणि काय पाहूनही न पाहिल्यासारखे करावे, हे सांगणारा कोणी जाणता लागतोच. ते काम मी पत्करतो. एक खबरदारी मात्र घ्यावी. २९ मे १६६० च्या आधी तिथे पोहोचू नये. त्या दिवशी, स्वतःच्या तिसाव्या वाढदिवशी, दुसरा चार्ल्स वाजतगाजत राजधानीत शिरला. त्याआधीची अकरा वर्षे इंग्लंडने त्याच्या बापाचे डोके उडवून राजाविना काढली होती, आणि त्या काळात आपण कुठे होतात, काय बोलत होतात, हे पुढे कोणाच्या लक्षात न राहिलेले बरे.

रोजनिशीकार सॅम्युअल पीप्सला विचारा. ३० जानेवारी १६४९ रोजी पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला, तेव्हा पंधरा वर्षांचा हा पोर गर्दीत उभा होता आणि खूश होता. या राजावर प्रवचन करायची वेळ आली तर ‘दुष्टांचे नाव सडून जाईल’ हेच बायबलवचन मी निवडीन, असे त्याने त्या दिवशी सांगूनही टाकले होते. पुढे हाच पीप्स राजपुत्राला परत आणणाऱ्या आरमारातून गेला. ज्या जहाजातून राजा यायचा होता त्याचे नाव होते ‘नेस्बी’, म्हणजे ज्या रणात त्याच्या बापाचा निकाल लागला ते गाव. जहाज तेच राहिले, नाव तेवढे ‘रॉयल चार्ल्स’ झाले. १६६० च्याच नोव्हेंबरात एका मेजवानीत पीप्सला एक जुना वर्गबंधू भेटला आणि “तू लहानपणी राजाच्या शत्रूंचा केवढा कैवारी होतास!” अशी आठवण काढू लागला. पीप्सला दरदरून घाम फुटला असणार. त्याला ते बायबलवचनही आठवेल काय, या धास्तीत तो होता. सुदैवाने मित्राने त्या दिवसाच्या आधीच शाळा सोडली होती, असे नंतर कळले आणि जीव भांड्यात पडला. तेव्हा आपणही वर्गमित्र निवडताना ते लवकर शाळा सोडणारे आहेत ना, याची खात्री करून घ्यावी.

कवी असाल तर काळजीच नको. जॉन ड्रायडनने राजाविना काळातला सत्ताधीश क्रॉमवेल याच्या मृत्यूवर १६५९ मध्ये गौरवपर कविता छापली आणि १६६० मध्ये राजाच्या आगमनावर स्वागताची. दोन्हींत वृत्तदोष नव्हता. एडमंड वॉलरनेही दोघांची स्तोत्रे गायिली; क्रॉमवेलवरची कविता जास्त सरस आहे, असे खुद्द राजाने त्याला टोकले तेव्हा “महाराज, आम्हा कवींना सत्यापेक्षा कल्पित अधिक साधते,” असे उत्तर त्याने दिल्याचे सांगतात. असे उत्तर ज्याला ऐन वेळी सुचते, त्याला कुठलीच राजवट वाईट नसते. ड्रायडनचे मात्र शेवटी फसले. कॅथलिक राजा गादीवर आला तेव्हा तो कॅथलिक झाला, इथपर्यंत ठीक होते. पण १६८८ मध्ये तो राजा पळून गेल्यावरही हा कॅथलिकच राहिला. आयुष्यात एकदाच मत बदलायचे राहून गेले आणि राजकवीपद गेले, तेही टॉमस शॅडवेल नावाच्या ज्या कवीची त्याने यथेच्छ टिंगल केली होती त्याच्या पदरात. हट्टाचे परिणाम असे होतात.

निष्ठेचे एक सार्वजनिक प्रमाणपत्रही उपलब्ध होते. ३० जानेवारी १६६१ रोजी, शिरच्छेदाच्या वार्षिक दिनी, क्रॉमवेलचे प्रेत थडग्यातून उकरून टायबर्नला फासावर लटकवण्यात आले आणि त्याचे डोके वेस्टमिन्स्टर हॉलच्या छपरावर खांबाला खोचून ठेवले गेले. ते तिथे वीस वर्षांहून अधिक काळ ऊनपाऊस खात होते. येताजाता त्याकडे पाहून चेहरा प्रसन्न ठेवण्याचा सराव करावा.

आता आपल्या डोक्याकडे वळू. ते भादरून घ्यावे आणि त्यावर दुसऱ्याच्या केसांचा टोप चढवावा. त्यावाचून सभ्य गृहस्थ म्हणवून घेता येत नाही. पीप्सने १६६३ च्या नोव्हेंबरात टोप घेतला आणि रविवारी चर्चमध्ये सगळे आपल्याकडेच बघणार या भीतीने तो गेला, तर कोणी ढुंकूनही पाहिले नाही. टोप घेताना त्यातल्या लिखा तपासाव्यात. त्याने तसा एक टोप दुकानदाराला परत धाडला होता. पण हे केस कोणाचे, हा प्रश्न सहसा विचारू नये. १६६५ च्या प्लेगमध्ये तो विचारायची वेळ आली. त्या वर्षी लंडनच्या मृत्यूंच्या नोंदपत्रकांत प्लेगचे अडुसष्ट हजारांवर बळी नोंदले गेले. ३ सप्टेंबरला पीप्सने रंगीत रेशमी पोशाख केला आणि घेऊन ठेवलेला पण घालायची हिंमत न झालेला नवा टोप डोक्यावर ठेवला, कारण तो घेतला तेव्हा त्या वस्तीत साथ होती. साथ सरल्यावर टोपांच्या फॅशनचे काय होणार, असे त्याला वाटले. प्लेगने मेलेल्यांच्या डोक्यावरून कापले असतील या भीतीने केस विकत घेणार कोण? मला या माणसाचे फार कौतुक वाटते. शंका अगदी रास्त काढायची, ती रोजनिशीत लघुलिपीत लिहून ठेवायची, आणि टोप घालून बाहेर पडायचे. पुढे शंभर वर्षे सगळ्या युरोपने विवेकाचा वापर याच पद्धतीने केला. फॅशनला काही झाले नाही.

असे नटून कॉफीगृहात जावे. लंडनमधले पहिले पास्कुआ रोझे याने १६५२ मध्ये कॉर्नहिलजवळच्या गल्लीत काढले. एक पेनी टाकली की कॉफी, वर्तमानपत्र आणि परक्याच्या मताला छेद देण्याचा हक्क, असे तिन्ही मिळे. उमराव आणि दुकानदार एकाच मेजाशी बसत, याचे इतिहासकार भरते येऊन वर्णन करतात. स्त्रियांनी तिथे बसून वाद घालण्याची रीत नव्हती. गल्ल्यामागे उभे राहून पेनी मोजायला कोणाची हरकत नसे. राजाला या गप्पांचा उपद्रव होऊ लागला, तेव्हा २९ डिसेंबर १६७५ रोजी त्याने सगळी कॉफीगृहे १० जानेवारीपासून बंद करण्याचे फर्मान काढले आणि ओरड झाल्यावर ८ तारखेला ते मागे घेतले. लोकशक्तीचा हा विजय अमलाच्या दोन दिवस आधीच पदरात पडला, तेव्हा आपण त्यासाठी काहीही न करता त्याचे श्रेय घ्यायला मोकळे आहात.

कॉफी पोटात गेल्यावर विज्ञानाची आवड आपोआप उत्पन्न होते. १६६० मध्ये ग्रेशम कॉलेजात डझनभर विद्वानांनी जी मंडळी जमवली, तिचीच पुढे रॉयल सोसायटी झाली. ‘कोणाच्याही शब्दावर विसंबू नये’ हे तिचे ब्रीदवाक्य. राजाने तिला सनद दिली आणि हे लोक बसून हवेचे वजन काय करतात, म्हणून खदखदून हसलाही. आपण दोन्ही करावे: वर्गणी भरावी आणि हसावे. प्रयोग बघायला मिळाला तर पुढची जागा धरावी. पण स्वतः मेजावर झोपू नये, त्यासाठी माणसे भाड्याने मिळतात. २३ नोव्हेंबर १६६७ रोजी आर्थर कोगा नावाच्या, डोक्याने जरा सरकलेल्या पदवीधराच्या शिरेत मेंढीचे रक्त सोडण्यात आले. मोबदला वीस शिलिंग. मेंढीचेच का, असे विचारल्यावर ख्रिस्त हा ईश्वराचा कोकरू असल्यामुळे त्या रक्ताचे प्रभूच्या रक्ताशी नाते आहे, असे उत्तर त्याने लॅटिनमध्ये दिले. तो वाचला. त्याच वर्षी मार्गारेट कॅव्हेंडिश ही विदुषी सोसायटी बघायला आली, तिला सगळे प्रयोग आदराने दाखवले आणि आदराने दारापर्यंत पोहोचवले. स्त्रियांना सभासद करून घेण्याच्या प्रश्नावर सोसायटीने घाई केली नाही. तो १९४५ मध्ये सुटला.

ज्या राजाने हवा तोलणाऱ्यांना सनद दिली, तोच गंडमाळांच्या रोग्यांना हात लावून बरे करीत असे, हे विसंगत वाटू देऊ नये. आपल्या कारकिर्दीत त्याने नव्वद हजारांच्या आसपास माणसांना स्पर्श केला आणि प्रत्येकाच्या गळ्यात सोन्याचे नाणे घातले. १६८४ च्या मार्चमध्ये या स्पर्शाची तिकिटे मिळवण्यासाठी उसळलेल्या गर्दीत सहासात जण चेंगरून मेले, अशी नोंद जॉन एव्हलिनने केली आहे. एव्हलिन रॉयल सोसायटीचा संस्थापक सभासद होता.

पुस्तक छापून घ्यायचे असेल तर विषय नीट निवडावा. सोसायटीने १६८६ मध्ये माशांवरच्या एका भव्य सचित्र ग्रंथावर इतका पैसा ओतला की न्यूटनचा गुरुत्वाकर्षणावरचा ‘प्रिन्सिपिया’ आला तेव्हा तिजोरीत खडखडाट होता. मासे खपले नाहीत. खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅलीने पदरमोड करून न्यूटन छापला, आणि सोसायटीने हॅलीला त्याच्या पगारापोटी मत्स्यग्रंथाच्या पन्नास प्रती दिल्या. विश्वाचे नियम सांगणाऱ्या त्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर अध्यक्ष म्हणून परवानगीदाराचे ठसठशीत नाव आहे सॅम्युअल पीप्स. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी पाढे शिकायला बसलेला हाच तो. आपल्याला गणित येत नाही म्हणून खचून जाऊ नये, अध्यक्ष व्हावे.

स्वातंत्र्याचा विषय नाजूक आहे, म्हणून तो तत्त्वज्ञ जॉन लॉककडूनच शिकावा. राज्यसंस्थेवरच्या आपल्या ग्रंथाची सुरुवातच त्याने गुलामगिरी इतकी हीन आणि दयनीय अवस्था आहे की कोणी इंग्रज सद्गृहस्थ तिची बाजू घेईल हे कल्पनेतही येत नाही, अशा अर्थाच्या वाक्याने केली. वाक्य पाठ करण्याजोगे आहे. त्याच्या वीस वर्षे आधी हाच लॉक अमेरिकेतल्या कॅरोलिना वसाहतीच्या धनिकांचा चिटणीस होता, आणि ज्या घटनेच्या मसुद्यात त्याचा हात होता तिने प्रत्येक स्वतंत्र नागरिकाला त्याच्या काळ्या गुलामांवर संपूर्ण सत्ता बहाल केली. धर्माच्या बाबतीत ती घटना मोठी उदार. गुलामाने हव्या त्या चर्चमध्ये जावे, त्याच्या आत्म्यावर मालकाचा हक्क नाही. फक्त चर्चमधून बाहेर आल्यावर तो पूर्वीइतकाच गुलाम असेल, एवढी खुलाशाची ओळ तिथे आहे. आफ्रिकेतून माणसे वाहून नेणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचे शेअरही लॉककडे होते. यात ढोंग शोधू नये. “इंग्रज सद्गृहस्थ” हे शब्द त्याने मोजून वापरले होते. सगळे पुरुष जन्मतः स्वतंत्र असतील तर सगळ्या स्त्रिया जन्मतः गुलाम कशा, असे लेखिका मेरी ॲस्टेलने १७०६ मध्ये छापून विचारले. तिला उत्तर देण्याच्या फंदात पडू नये; छान वाक्य आहे म्हणावे आणि चहा मागवावा.

चहावरून आठवले. तो दरबारात रुजवला दुसऱ्या चार्ल्सची राणी कॅथरीन हिने, आणि तिच्याच लग्नाच्या करारात पोर्तुगालने मुंबई आंदण दिली. जावयाला ते बेट परवडेना, म्हणून २७ मार्च १६६८ च्या सनदेने त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला सोन्याच्या नाण्यांत दहा पौंड खंडणीवर देऊन टाकले. आज तिथे दहा पौंडांत काय भाड्याने मिळते, हा हिशेब मुंबईकर वाचकांनी मनाला लावून घेऊ नये. मते वेळेवर बदलण्याची इंग्रजांची कला आपल्याकडेही पोहोचलीच होती: राजवट पालटली त्याच १६६० मध्ये राजापूरच्या वखारवाल्यांनी स्वतःचे निशाण लावून पन्हाळ्यावर तोफा डागल्या, त्यापायी कैद भोगली, आणि १६७४ मध्ये त्यांचाच हेन्री ऑक्झेंडन रायगडावर राज्याभिषेकाला नजराणा घेऊन मुजऱ्याला हजर राहिला. राजापूरच्या नुकसानीची भरपाई मागायला विसरला नाही.

पैसा कुठे गुंतवावा? १७२० सालात असाल तर साउथ सी कंपनीत, आणि तो ऑगस्टच्या आत काढून घ्यावा. स्पॅनिश वसाहतींना दरसाल ४८०० गुलाम पुरवण्याचा मक्ता हा तिचा दाखवायचा धंदा. खरा धंदा स्वतःचा भाव चढवण्याचा. जानेवारीत १२८ पौंडांवर असलेला शेअर उन्हाळ्यात हजाराच्या घरात गेला आणि वर्ष संपता संपता दोनशेच्या खाली आला. न्यूटनने आधी चांगल्या नफ्यात विकले होते. मग शेजारीपाजारी श्रीमंत होताना पाहवेना, म्हणून चढ्या भावाने पुन्हा घेतले आणि हजारो पौंड गमावले. ग्रहांना शेजारी बघून भोवळ येत नाही, हा फरक त्याने लक्षात घेतला नसावा.

शेवटी आजारपण. ते शक्य तितक्या अल्प उत्पन्नात यावे, कारण श्रीमंताला वैद्य जास्त मिळतात. २ फेब्रुवारी १६८५ रोजी दुसरा चार्ल्स कोसळला, तेव्हा राज्यातले उत्तमोत्तम धन्वंतरी धावले. त्यांनी रक्त काढले, तुंबड्या लावल्या, वांत्या करवल्या, बस्ती दिल्या, टोप उतरवून डोके तासले आणि त्यावर फोड उठवणारे औषध चोळले, तळपायांना डांबर आणि कबुतराच्या विष्ठेचा लेप दिला. मरायला फारच वेळ लावतो आहे, याबद्दल राजाने भोवतालच्यांची माफी मागितल्याचे सांगतात. अखेरीस माणसाच्या कवटीच्या अर्काचे चाळीस थेंब पाजण्यात आले आणि ६ तारखेला तो गेला. या अर्काची कृती राजाने भरपूर दाम मोजून जोनाथन गॉडर्डकडून घेतली होती. गॉडर्ड रॉयल सोसायटीच्या पहिल्या मंडळींतला, आणि त्याआधी क्रॉमवेलचा खाजगी वैद्य. कवटी कोणाची, हे विचारायची रीत नव्हती.