ट्रिगरचं किट बॅगेत नको

खानापूर-जांबोटी पट्ट्यात रानडुकरं उभं पीक तुडवतात; तिथल्या शेतकऱ्यांना बंदुकीचा परवाना सुटसुटीतपणे मिळावा ही मागणी मला रास्त वाटते. पण त्याच चर्चेत हल्ली भलतंच शेपूट जोडलं जातं: अमेरिकेत पिस्तुलाचा ट्रिगर, म्हणजे चाप, हलका करायला कुणीही बदलतो, मग आपल्याला का अडवता? आणि पुढे तिकडून येणाऱ्याला हळूच, "येताना एक ट्रिगरचं किट आण की."

अमेरिकेचं हे चित्र अर्धंच आहे. तिथे संघीय कायद्यानुसार पिस्तूल म्हणजे क्रमांक कोरलेली फ्रेम, म्हणजे सांगाडा. ट्रिगर, स्प्रिंग, कनेक्टर (चापाला जोडलेला छोटा पत्रा) परवान्याविना विकत मिळतात. पण चाप एकदा दाबून एकाहून जास्त गोळ्या सुटतील असा भाग लावला, की ती मशीनगन ठरते आणि 10 वर्षांपर्यंत कैद होते. मॅसॅच्युसेट्समध्ये तर दुकानातल्या पिस्तुलाला 5 वर्षांच्या मुलाला ते चालवता येऊ नये अशी सोय लागते. त्यातला एक मान्य मार्ग म्हणजे चापाचा भार, अर्थात तो ओढायला लागणारा जोर, 10 पौंडांवर, म्हणजे साडेचार किलोवर नेणं.

ग्लॉक या तिकडच्या लोकप्रिय पिस्तुलाचा मूळ भार साधारण साडेपाच पौंड, म्हणजे अडीच किलो. तो कमी करताना बहुतेक जण स्प्रिंगा हलक्या करतात आणि घोळ तिथेच होतो. स्ट्रायकरची, म्हणजे ठोका देणाऱ्या फायरिंग पिनची, स्प्रिंग मऊ पडली की काडतुसाच्या बुडातल्या प्रायमरवर ठोका हलका बसतो, गोळी उडत नाही. फायरिंग पिन अडवणाऱ्या खटक्याची स्प्रिंग कापली, तर पिस्तूल हातून पडल्यावर उडू शकतं. सगळ्यात वाईट म्हणजे सिअरची (चाप दाबेपर्यंत पिन रोखून धरणाऱ्या भागाची) धार कानशीने घासणं: पकड इतकी कमी होते की धक्क्यानेही सुटते, आणि घासलेला धातू परत येत नाही. ग्लॉकचं किट आपल्याकडच्या .32 अशनी या देशी पिस्तुलाला बसत नाही. मग हीच कानस बाहेर निघते.

नेमबाजीचा दाखला हमखास दिला जातो. शेजारच्या कोल्हापूरची नेमबाज राही सरनोबत आहेच. पण तिच्या 25 मीटर पिस्तूल प्रकारातही चापाचा किमान भार 1000 ग्रॅम ठरलेला आहे आणि स्पर्धेआधी वजन लावून तो तपासतात. शिवाय तिथे गोळी भरायची ती हुकूम झाल्यावर, नळी लक्ष्याकडे ठेवून. कमरेला लावलेल्या पिस्तुलाला हलका चाप कशाला हवा? घाबरलेल्या बोटाला अडीच किलोही फार नसतात.

आता गावाकडचा कायदा. शस्त्र कायदा, 1959 मध्ये शस्त्राच्या व्याख्येत सुटे भागही येतात, म्हणजे बॅगेतलं किट हे कस्टम्सच्या लेखी शस्त्रच. कलम 5 नुसार फेरफार आणि दुरुस्तीलाही परवाना लागतो. कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर हे कलम मोडल्यास किमान 7 वर्षं, कमाल जन्मठेप. सुट्या भागांसाठी ही शिक्षा मला अवाजवी वाटते, पण आज कायदा हाच आहे. सीमाभागात आणखी एक मेख: परवान्यावर क्षेत्र फक्त कर्नाटक असेल, तर सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या शिनोळीत शिरताच तोच माणूस विनापरवाना ठरतो. त्यात बदललेला ट्रिगर सापडला तर वकीलही हात टेकेल.

चाप खरोखरच अडखळत असेल तर कारण बहुधा सुकलेलं तेल आणि काजळी असते. मॅगझिन काढा, मगच स्लाइड ओढा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि पिस्तूल परवानाधारक दुरुस्ती दुकानात नेऊन साफ करून घ्या. स्प्रिंग बदलावी लागली तर कारखान्याचीच, मूळ ताकदीची घाला आणि पावती परवान्यासोबत जपून ठेवा.