आईच्या परकराचा खिसा

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला. 'काही सदस्यांच्या पावलांचे आकडे संशयास्पद वाटल्याने कमिटीने त्यांची नावे स्पर्धेतून तात्पुरती वगळली आहेत. कृपया सहकार्य करावे.' खाली तीन नावं. त्यातलं एक माझ्या आईचं. माझं नाव स्पर्धेच्या यादीत शाबूत, चौथ्या नंबरावर. वगळली ती माझी ७१ वर्षांची आई.

हातातला चहा निवला तरी मी तो मेसेजच वाचत होतो. संशयास्पद! भाजीवाल्याने चुकून जास्त दिलेले दोन रुपये परत करायला जी बाई उन्हात उलटी फेरी मारते, तिचा आकडा संशयास्पद. रागातच लिहायला बसलोय, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आधी भानगड काय ते सांगतो. दिवाळीनंतर आमच्याकडे 'निरोगी सोसायटी'ची टूम निघाली. प्रत्येकाने मोबाईलवर पावलं मोजणारं ॲप टाकायचं, रात्री दहाला आकड्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर द्यायचा, मग सेक्रेटरी यादी लावणार. तीन महिन्यांनी जो पहिला येईल त्याला प्रेशर कुकर. स्टीलचा, पाच लिटरचा. फोटो आधीच टाकून ठेवलाय.

पहिल्या रात्री आईचा आकडा आला ८१२. यादीत सगळ्यात खाली. कुणीतरी हसरे चेहरे टाकले, कुणी लिहिलं, 'काकू, रिमोट लांब ठेवत जा.' आणि मीही हसलो. हे लिहायलाच पाहिजे, कारण सकाळपासून मी जगावर डाफरतोय. मी हसलो, आणि वर जेवताना तिला म्हणालो, "आई, जरा चालत जा गं."

ती काही बोलली नाही. तव्यावरची भाकरी उलटली फक्त.

त्या दिवशी ती पहाटे साडेपाचला उठली होती, कारण आमच्या कन्नमवार नगरातल्या जुन्या बिल्डिंगला पाणी तेव्हा येतं. पिंप भरलं, बादल्या भरल्या. माझा डबा, हिचा डबा, लेकीचा डबा. गच्चीवर गहू वाळत घातले, म्हणजे दोन जिने वर आणि दोन खाली, आणि कावळे आले म्हणून परत एकदा. मार्केटात जाऊन मेथी आणली, ती जुनी निघाली म्हणून बदलून आणली. संध्याकाळी लेकीला क्लासला सोडलं आणि आणलं. आणि हे सगळं चालू असताना तिचा मोबाईल कुठे होता? फ्रिजवर. चार्जिंगला. ती ८१२ पावलं म्हणजे मावशीचा फोन आला तेव्हा घरातल्या घरात बोलत फिरली, तेवढीच.

फोन माणसाची पावलं मोजत नाही हो. फोन स्वतःला बसणारे हिसके मोजतो. आत एक सेन्सर असतो, तो हलण्याचा ठेका पकडतो आणि त्यावरून पाऊल धरतो. फोन फ्रिजवर असेल तर तुम्ही गिरनार चढून आलात तरी शून्य. हळू, पाय ओढत चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची पावलं तर तो खिशात असूनही गाळतो.

आता माझं बघा. घरातून खाली उतरलो की शेअर रिक्षा. विक्रोळी स्टेशनचा जिना, सीएसएमटीला उतरल्यावर फोर्टातल्या ऑफिसपर्यंतची रपेट, संध्याकाळी तेच उलटं. फोन पँटच्या खिशात. नऊ-साडेनऊ हजार होतात. व्यायाम म्हणून मी इकडची काडी तिकडे करत नाही, जे काय करते ती सेंट्रल रेल्वे करते. तरी मी चौथा, आणि ग्रुपवर मला अंगठे.

तिसऱ्या दिवशी आईने ओट्यापाशी उभ्या उभ्या विचारलं, "तुझ्या पँटला खिसे किती?"

"चार."

"आणि शर्टाला एक. मला कुठाय रे?"

मी ४४ वर्षांचा आहे. जन्मल्यापासून या बाईला साडीत बघतोय. तिला खिसा नाही हे माझ्या त्या दिवशी लक्षात आलं.

मग तिने स्वतःच शिवला. जुन्या उशीच्या अभ्र्याचं जाड कापड काढलं, परकराच्या नेफ्याखाली उजव्या अंगाला लावलं, वर टिचबटण. पहिला खिसा फसला. फोन जड, त्याने परकर एका बाजूने खाली ओढला जायला लागला आणि नाडी कंबरेला काचायला लागली. वर ते बारीक टिचबटण मार्केटात सुटलं आणि मोबाईल थेट कोथिंबिरीच्या ढिगात. दुसरा खिसा शिवताना तिने दुहेरी शिलाई घातली, नेफ्यावर पट्टी जोडली आणि माझ्या लेकीच्या जुन्या रेनकोटाचं मोठं टिचबटण उचकटून त्याला लावलं. तो टिकला.

त्या रात्री आकडा आला ५,१४०. आठवड्याने ६,३००. कुणी हसलं नाही. कुणी अंगठाही दिला नाही म्हणा.

पण मला जे सांगायचंय ते आकड्याचं नाहीच.

आमच्या घरात, तुमच्याही घरात असेल, बाई विनाकारण बाहेर पडत नाही. कधी दळण असतं, कधी औषध, कधी संकष्टीची फुलं. हातात पिशवी पाहिजे. पिशवी नसेल तर जिन्यात कुणीतरी विचारतंच, "कुठे निघालात?" आणि त्याला उत्तर पाहिजे. बाबा होते तोवर ते दोघं जेवणानंतर खाली फिरायचे, ते गेल्यावर ते बंद झालं. सहा वर्षं मी तिला सांगतोय, खाली जा, मोकळ्या हवेत बस, शुगर आहे तुला. "काय करू खाली जाऊन एकटी?" हे ठरलेलं उत्तर.

आणि हा खिसा लागल्यावर एके दिवशी मी ऑफिसातून येतोय तर ती समोरून, रिकाम्या हातांनी. मी सवयीने विचारलं, "कुठे चाललीस?"

"पावलं भरायला."

पाणी भरायला जावं तसं. पिशवी नाही, काम नाही, आणि चेहऱ्यावर अपराधीपणाही नाही. तिला कारण मिळालं होतं. सरकारने, डॉक्टरने, पोटच्या पोराने सांगून जे झालं नाही ते एका फुकटच्या ॲपने केलं, कारण त्याने तिला जिन्यात सांगायला उत्तर दिलं. पुढे शेजारच्या बिल्डिंगमधल्या दोघी तिच्या जोडीला आल्या. तिघी मैदानाला फेऱ्या मारतात. फेऱ्या कमी आणि कट्ट्यावर बसणं जास्त, हेही खरं. मग उठताना एकीचा आवाज येतो, "माझी पाचशे कमी आहेत गं, जाताना लांबून जाऊ."

तर या बाईला तुम्ही यादीतून काढलंत.

मगाशी जरा निवळलो होतो, आता परत डोकं फिरलं. का, ते सांगतो. याच यादीत एक महाशय आहेत, त्यांचा आकडा कायम १४,०००च्या वर. सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे की दुपारी त्यांचा मोबाईल नातवाच्या पाळण्याला बांधलेला असतो. नातू झोपतो, आजोबा झोपतात, पावलं चालू. तो आकडा संशयास्पद नाही! कारण तो पहिल्या दिवसापासून खोटा आहे, त्यात सातत्य आहे. संशय आला तो ८१२वरून वर चढलेल्या बाईवर.

आणि ते दहा हजार! यादीत दहा हजारांच्या पुढे हिरवा रंग, खाली लाल. हा आकडा आला कुठून, हे विचारलंय कुणी? १९६४ला टोकियोत ऑलिंपिक झालं, तिकडे चालण्याची हवा आली, आणि १९६५ला एका जपानी कंपनीने कमरेला अडकवायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. नाव ठेवलं मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. गोल आकडा, कानाला बरा. विकायचं नाव होतं ते, डॉक्टरची चिठ्ठी नव्हे. आणि कन्नमवार नगरात त्यावरून माझ्या आईला लाल रंग.

एरवी मी अभ्यास-बिभ्यास काढून वाद घालणाऱ्यांतला नाही, पण हा एक सोडवत नाही. हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी २०१९ला जवळजवळ १७,००० अमेरिकन बायकांचा अभ्यास छापला. सरासरी वय ७२. आईच्याच बरोबरीच्या की! रोज सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यू बरेच कमी दिसले, आणि ७,५००च्या आसपास गेल्यावर पुढे फायदा फारसा वाढेना. आणि यंत्र कुठे लावलं होतं त्या बायकांना? कमरेला. आई, तुझा खिसा हार्वर्डच्या जागी आहे.

आता कुणीतरी म्हणेलच की धडधाकट असतात म्हणून चालतात, चालतात म्हणून धडधाकट नव्हे. असेल. थोडं तसंही असेल.

आणि सेक्रेटरींचा हेतू वाईट नव्हता, हेही मान्य करतो, जिवावर आलं तरी. दुसऱ्या मजल्यावरचे काका निवृत्त झाल्यापासून दारात खुर्ची टाकून बसायचे, ते आता रोज गेटपर्यंत जाऊन येतात. स्पर्धा नसती तर उठले नसते. बरं, झालं.

पण चालायचं कुठे, याची कुणी यादी लावा ना. आमच्याकडे जिथे बघावं तिथे बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेलेली, फुटपाथवर रेती, पुढे पत्रे, पत्र्यांना टेकून बाईका. डंपर आला की माणसाने गटाराच्या झाकणावर उभं राहायचं. डेअरीपुढचा कुठला पेव्हर ब्लॉक डुगडुगतो हे आईला पाठ आहे, तिथे ती पदर आवरून पाय लांब टाकते. या शहरात चालणारा माणूस म्हणजे मधे येणारी वस्तू. १४ मार्च २०१९ला सीएसएमटीजवळचा हिमालय पूल कोसळला, घरी निघालेली माणसं त्यात गेली. मी त्याच पुलावरून रोज जायचो. त्यानंतर कित्येक महिने आई रोज दार उघडताना आधी विचारायची, "पुलावरून आलास की खालून?" पूल पडलेला आहे, आता वरून येताच येत नाही, हे तिला किती वेळा सांगितलं. तरी विचारायची.

असो. भरकटलो.

दुपारी सेक्रेटरींना फोन केला. भांडायच्या तयारीने केला होता. ते बिचारे शांतपणे म्हणाले, "अहो, तुम्हीच सांगा, ८१२चे ६,३०० कसे होतात?"

"खिसा लावला."

"कसला खिसा?"

"परकराला."

पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाले, "बरं. कमिटीसमोर ठेवतो."

आता आईचा परकर कमिटीसमोर.

तो मेसेज तिने माझ्याआधीच वाचला होता, हे मला संध्याकाळी घरी आल्यावर कळलं. "राहू दे रे," म्हणाली, "कुकर आहे आपल्याकडे." मी म्हटलं, प्रश्न कुकरचा नाही. तर तिचं लक्षच नव्हतं. मशीनवरचं झाकण काढलेलं, खाटेवर चार परकर पडलेले, एकही तिचा नाही. मी ग्रुपवर तावातावाने खिशाचं जे लिहिलं ते वाचून बिल्डिंगमधल्या बायका आणून देऊन गेल्या होत्या. यादीत तळाला असलेल्या चौघीही त्यांतच. एकीने तर बजावून ठेवलंय की खिसा डावीकडे हवा, उजव्या बाजूला किल्ल्यांचा जुडगा असतो.

अभ्रे घरात आहेत. अडलंय ते टिचबटणांवर. बारीक नकोत, ती फोनच्या वजनाने सुटतात, रेनकोटाला असतात तसली मोठी पाहिजेत, दोन डझन तरी. उद्या ऑफिसातून येताना मी दादरला उतरणार आहे. स्टेशनच्या पश्चिमेला नेमकी कुठल्या गल्लीत मिळतील, कुणाला माहीत असेल तर रात्रीच कळवा. सकाळी आठ बाराची लोकल आहे.