दोन बॅटऱ्या म्हणजे चोवीस व्होल्ट नव्हे

गेल्या आठवड्यात रात्री साडेनऊला भावोजींचा फोन आला. अमर महलजवळ गाडी रस्त्याच्या कडेला बंद पडलेली, वरून पाऊस, मागे हॉर्नचा कल्ला. म्हणाले, "सेल्फ नुसता टकटक करतोय. एक भला माणूस थांबलाय, केबल आहे त्याच्याकडे. लाल क्लॅम्प लावून झालाय, काळा लावला की सेल्फ मारतो. बरोबर ना?"

मी विचारलं, कुठली गाडी थांबलीय?

"डंपर आहे."

"भावोजी, तो लाल क्लॅम्प आधी काढा. आत्ता. मग बोलू."

त्यांनी काढला. मग म्हणाले, "अरे, पण आपल्या गाडीत दोन बॅटऱ्या आहेत. सोसायटीच्या ग्रुपवर आलं होतं, दोन बॅटऱ्यांची गाडी चोवीस व्होल्टची असते, तिला सुरू करायला ट्रकच्याच बॅटरीची जोड, म्हणजे जंप लागते."

तो मेसेज मी मागवून घेतला. 'ऑटो स्टार्ट-स्टॉपचं सत्य' असं शीर्षक, म्हणजे सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणारी यंत्रणा, खाली पाच मुद्दे. एक, सिग्नलला इंजिन बंद होऊन पुन्हा चालू झालं की पाच मिनिटांचं पेट्रोल जातं. दोन, वर्षभरात सेल्फ जळतो. तीन, इंजिन सिग्नलला आपोआप बंद होत नसेल तर बॅटरी गेली, लगेच बदला. चार, छोटी बॅटरी शोभेची आहे, तिची वायर काढून टेप लावा आणि मोठीच्या जागी साधी स्वस्त बॅटरी टाका. पाच, हे चोवीस व्होल्टचं. गाड्यांच्या वायरिंगच्या कामात माझी एकोणीस वर्षं गेली आहेत आणि असले मेसेज मी सहसा सोडून देतो. हा सोडणार नाही, कारण माझ्या बहिणीचा नवरा भर पावसात तो वाचून हातात केबल घेऊन उभा होता.

म्हणून सुरुवात पाचव्यापासून.

भावोजींना मी डंपरच्या बॅटरीच्या पेटीचा फोटो पाठवायला सांगितला. फोटोत दोन दांडग्या बॅटऱ्या शेजारी शेजारी, आणि एकीच्या प्लसवरून दुसरीच्या मायनसवर गेलेली एक आखूड, जाड केबल. सगळा फरक त्या वीतभर केबलमध्ये आहे. टॉर्चमध्ये सेल एकामागे एक घालतो तशी ही जोडणी. १२ आणि १२ मिळून २४ व्होल्ट होतात, आणि डंपरचं इंजिन चालू असेल तर २८ च्या आसपास. आपल्या गाडीत दोन बॅटऱ्या एकत्र येतात तेव्हा प्लसला प्लस आणि मायनसला मायनस असतो. बिल्डिंगच्या गच्चीवर दोन टाक्या शेजारी ठेवून खालून पाइपने जोडल्या तर पाणी दुप्पट साठतं, नळाचा जोर तेवढाच राहतो. तसंच हे. मारुतीच्या स्मार्ट हायब्रिड गाड्यांत २०१८ च्या सियाझपासून नेहमीच्या बॅटरीच्या जोडीला लिथियम-आयन बॅटरी आली. जीप रँग्लरच्या जेएल पिढीतल्या बऱ्याच गाड्यांत छोटी बॅटरी मोठीच्या खालच्या बाजूला दडलेली असते. एकीत लिथियम, दुसरीत शिसं, तरी दोन्ही गाड्यांची ही यंत्रणा १२ व्होल्टचीच.

१२ व्होल्टच्या बॅटरीवर २८ व्होल्ट चढवले की तिच्यातून भसाभसा हायड्रोजन निघतो. क्लॅम्प लावताना ठिणगी उडतेच, आणि तेव्हा माणसाचं तोंड बॅटरीवर वाकलेलं असतं. शिवाय गाडीतले कंट्रोलर, एअरबॅगचा, स्टिअरिंगचा, इंजिनचा. काही कंट्रोलर २४ व्होल्टवर मिनिटभर तग धरतील इतके तपासलेले असतात हे खरं. पण तुमच्या गाडीतला प्रत्येक डबा त्यातलाच आहे, याची खात्री मेसेज लिहिणारा देणार आहे का?

आता चौथा मुद्दा, कारण गाडी बंद पडली ती मुळात त्याच्यामुळे. दुसऱ्या दिवशी चेंबूरला जाऊन बॉनेट उघडलं. छोट्या बॅटरीची मायनसची वायर काळ्या टेपने गुंडाळून बाजूला बांधलेली. मोठीच्या जागी साधी, पाणी भरायची बॅटरी. आणि मायनसच्या टर्मिनलवर जो सेन्सर बसतो, काडेपेटीएवढी डबी, तिचा प्लग निघून लोंबत होता, पिना हिरव्या पडलेल्या. मीटर लावला तर ११.७ व्होल्ट. दोन महिन्यांपूर्वी भावोजींनी तोच मेसेज एका गॅरेजात दाखवला होता आणि तिथे मेसेजबरहुकूम काम करून मिळालं होतं.

छोटी बॅटरी शोभेची नाही. सेल्फ फिरतो तेव्हा शेकडो अँपिअर ओढतो आणि मोठ्या बॅटरीचा व्होल्टेज त्या क्षणी दहाच्या खाली जाऊ शकतो. सिग्नलला दर वेळी असं झालं तर स्क्रीन, रेडिओ, पंखा सगळं एकदम मान टाकेल. म्हणून रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, त्या वेळी दोन्ही बॅटऱ्यांना वेगळं करतो. एक सेल्फला ताकद देते, दुसरी बाकीचं सावरते. काही गाड्या तर सेल्फ मारण्याआधी छोट्या बॅटरीची चाचणी घेतात, आणि ती मेलेली असेल तर मोठी ठणठणीत असूनही गाडी उठत नाही.

साध्या बॅटरीचं म्हणाल तर ती दिवसात चार-सहा वेळा सेल्फ मारायला बनलेली आहे. कलानगर ते फोर्ट एका फेरीतच तेवढे सिग्नल लागतात. स्टार्ट-स्टॉपच्या गाडीला ईएफबी किंवा एजीएम जातीची बॅटरी लागते, कारण तिला दर थोड्या वेळाने थोडं रिकामं होऊन पुन्हा भरायचं असतं. युरोपने या कामाच्या बॅटऱ्यांसाठी ईएन ५०३४२-६ असं वेगळं मानक केलं आहे. मला दुसरा कुठला दाखला द्यायची गरज वाटत नाही. साधी बॅटरी चालली असती तर वेगळी परीक्षा ठरवण्यात कोणी वेळ घालवला नसता. ही बॅटरी महाग आहे, हे मान्य. भावोजींना जोडीचं बिल बघून धक्का बसला, मलाही बरं वाटलं नाही. पण स्वस्त बॅटरी दोन महिन्यांत मेली, तिचे पैसे गेले ते गेलेच.

त्या सेन्सरबद्दल एक गोष्ट. बॅटरीत किती आलं आणि किती गेलं याचा हिशेब तो ठेवतो. बऱ्याच गाड्यांत बॅटरी बदलल्यावर स्कॅनर लावून गाडीला तसं कळवावं लागतं, नाहीतर ती जुन्या, थकलेल्या बॅटरीच्या हिशेबानेच चार्जिंग करत राहते. हे न करता बॅटरी बदलून देणाऱ्याला तिथेच अडवा.

तिसऱ्या मुद्द्यात अर्धं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. बॅटरी कमजोर झाली की गाडी आधी स्टार्ट-स्टॉप सोडून देते, आणि सेल्फ जड होण्याच्या कितीतरी आधी हे लक्षण दिसतं. पण मे महिन्यात उन्हात तापलेल्या गाडीत एसी फुल असताना इंजिन बंद होत नसेल तर ते अगदी बरोबर आहे. बहुतेक गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो, इंजिन थांबलं की थंडावा थांबतो. पावसात काचेचा डिफॉगर लावला तरी तेच. सीटबेल्ट नाही, दरवाजा नीट लागला नाही, इंजिन अजून गरम झालं नाही, चढ आहे, स्टिअरिंग वळलेलं आहे, कितीतरी अटी असतात. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात त्यांची यादी असते. ते पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीतून एकदा तरी बाहेर काढा. बॉनेटचा स्विचही बघा. खाऱ्या हवेत तो गंजला की गाडीला बॉनेट उघडंच वाटतं, आणि लोक बॅटरी बदलत बसतात.

खरी तपासणी अशी. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मीटर लावा. १२.६ किंवा वर असेल तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. शिशाच्या दोन बॅटऱ्या असतील तर दोघींना सोडवून वेगवेगळं तपासा आणि लोड टेस्टही, म्हणजे भार टाकून केलेली तपासणी, करून घ्या. जोडलेल्या असताना चांगली वाईटला झाकते, आणि उभ्या गाडीत वाईट चांगलीला रिकामी करत जाते. म्हणून एकाच वयाच्या असतील तर दोन्ही एकदम बदलाव्यात. चेंबूर ते सायन अशा दहा मिनिटांच्या फेऱ्या, एसी, वायपर, हेडलाइट सगळं चालू, अशात बॅटरी कधीच पुरती भरत नाही. मुंबईत बॅटऱ्या लवकर जातात याला हे मोठं कारण आहे, उकाडा आहेच.

पहिले दोन मुद्दे पटकन. अमेरिकेच्या आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेने इंजिन चालू ठेवणं आणि बंद करून पुन्हा चालू करणं यांची तुलना केली आहे. दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर बंद करण्यातच इंधन वाचतं. पाच मिनिटं कुठे आणि दहा सेकंद कुठे! दोन-तीन सेकंद थांबत सरकणाऱ्या ट्रॅफिकमध्ये बटण दाबून यंत्रणा बंद ठेवलीत तर काही बिघडत नाही, त्यासाठी वायर कापायची गरज नाही. आणि सेल्फचं म्हणाल तर या गाड्यांत तो जास्त वेळा फिरण्यासाठी मजबूत बनवलेला असतो. मारुतीच्या स्मार्ट हायब्रिडमध्ये सिग्नलवरचं गरम इंजिन सेल्फ नाही, पट्ट्यावरचा जनरेटरच फिरवतो.

गाडी बंद पडलीच तर जंप १२ व्होल्टच्या गाडीचीच घ्या. आधी लाल क्लॅम्प आपल्या प्लसला, मग दुसरा लाल त्यांच्या प्लसला, मग काळा त्यांच्या मायनसला, आणि शेवटचा काळा आपल्या इंजिनच्या किंवा बॉडीच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. ठिणगी उडाली तर तिथे उडेल, आणि सेन्सरचा हिशेबही चुकणार नाही. काढताना उलट क्रम. नंतर अर्ध्या तासाच्या फेरीवर भागवू नका, रात्रभर चार्जरला लावा. भावोजींना हे मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं आहे, आणि ताईने तो कागद गाडीच्या पुस्तकाच्या पिशवीत, केबलच्या वर ठेवला आहे.